तायडे मॅडम आणि आईकडची माणसं

तायडे मॅडमना नवीन माणूस भेटलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "तुमच्या आईचं माहेर कुठलं?"

आमच्या वऱ्हाडात असं कुणी विचारत नाही. आधी आडनाव विचारतात, मग गाव, मग "अमक्या पाटलाचे तुम्ही कोण?" तेवढ्यात समोरच्याची जात, जमीन आणि पत सगळं कळून जातं. मॅडमना त्यातलं काहीच नको असायचं. आईचं माहेर सांगून माणूस सुटला असं वाटेपर्यंत पुढचा प्रश्न यायचा, "आणि आईच्या आईचं?" इथे भलेभले अडखळत. पणजोबांनी कोणत्या साहेबाला सलाम ठोकला नाही हे ज्यांना तोंडपाठ, तेसुद्धा आजीचं माहेर विचारलं की छताकडे बघायचे. एकदा मॅडमनी भर स्टाफरूममध्ये प्राचार्यांनाच गाठलं. सर हसून म्हणाले, "मॅडम, तेवढं कोण लक्षात ठेवतं?" मॅडम म्हणाल्या, "तेच तर," आणि चहा बशीत ओतून प्यायला लागल्या.

मॅडम जाऊन आता वर्ष होत आलं. परवा अकोल्याला आमच्या कॉलेजात एक नवीन शिक्षिका रुजू झाली आणि मी काही विचार न करता तिला विचारून बसले, "आईचं माहेर कुठलं?" ती बिचारी गोंधळली. माझं मात्र त्या दिवशी शिकवण्यात लक्ष लागलं नाही.

प्रमिला तायडे अमरावतीच्या एका कॉलेजात आम्हाला जीवशास्त्र शिकवायच्या. अंगानं बुटक्या, कडक इस्त्रीची सुती साडी आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट. साडीवर बूट कशाला, असं एका बाईंनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पाय माझे आहेत, साडीचे नाहीत." वर्गात बोलणं पुस्तकी, वर्गाबाहेर अस्सल वऱ्हाडी. राग आला की वर्गातही वऱ्हाडीच. आणि दर दोन वाक्यांमागे एक शब्द, "कशावरून?" मॅडम, आज ऊन जास्त आहे. कशावरून? मॅडम, तो मुलगा हुशार आहे. कशावरून? त्यांना कुणी नुसतं "असं वाटतं" म्हटलेलं खपायचं नाही. मुलं त्यांना पाठीमागे 'कशावरून मॅडम' म्हणत. हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा चिडल्या नाहीत. वर्गात येऊन विचारलं, "हे नाव कशावरून ठेवलं?" आम्ही हसून हसून बेजार झालो. त्यांना मात्र खरंच उत्तर हवं होतं.

मायटोकॉन्ड्रिया हा त्यांचा जीव की प्राण. पेशीच्या आत असलेले हे बारीक कण. 'मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीचं पॉवरहाऊस' असं पेपरात लिहिलं की अर्धा मार्क कापायच्या. आम्ही भांडायला गेलो, पुस्तकात तेच छापलंय म्हणून. तर म्हणाल्या, "पुस्तकानं लिहिलं, मग पुस्तकाला द्या मार्क." आणि मग खडू ठेवून, फळ्याकडे पाठ करून त्यांनी जे सांगितलं ते मी आजही माझ्या मुलांना तसंच सांगते.

"चुलीवर भाकर होते हे खरं. पण घरात कोण शिरलं, कोण गेलं, हे चुलीपाशी बसलेल्या बाईलाच आधी कळतं की नाही? तसंच आहे. जंतू पेशीत शिरला की ओरड मायटोकॉन्ड्रियामधूनही उठते. ओरड कमी पडली तर घर झोपलेलंच राहतं. जास्त झाली तर मदतीला धावून आलेले लोकच घर मोडून टाकतात. तापानं माणूस दगावतं ते पुष्कळदा जंतूमुळे नाही, या धावपळीमुळे. आता ऐका. या कणांना स्वतःचा थोडासा डीएनए असतो, आणि तो फक्त आईकडून येतो. आईला तिच्या आईकडून, तिला तिच्या आईकडून. बाप या कामात पाहुणा. या डीएनएमध्ये माणसामाणसांत बारीक फरक असतात. तेव्हा एकाच तापात कुणाची ओरड किती मोठी, यातलं काही आईच्या बाजूनं ठरत असू शकतं." मग बोट वर करून, "असू शकतं म्हटलं मी. ठरतं म्हटलं नाही. लिहून घ्या."

एम.एस्सी. झाल्यावर मी त्यांच्याकडे प्रकल्प सहायक म्हणून लागले. विषय हाच, आणि ताप होता स्क्रब टायफस. गवतात एक बारीक किडा असतो, तो चावला की हा ताप येतो. पावसाळा सरता सरता आमच्याकडे निंदणाला जाणाऱ्या बायांना हमखास गाठतो. लवकर ओळखला तर साध्या गोळ्यांनी जातो, उशीर झाला तर जिवावर बेततं. मॅडमना एवढंच शोधायचं होतं, की उशिरा औषध मिळूनही काही माणसं सहज उठून बसतात आणि काही अतिदक्षता विभागात जातात, यात मायटोकॉन्ड्रियाच्या फरकाचा काही हात आहे का. बऱ्या झालेल्या दोन्ही तऱ्हेच्या माणसांचं रक्त घ्यायचं आणि तपासून बघायचं.

अमरावती ते मूर्तिजापूर या पट्ट्यातली गावं आम्ही पालथी घातली. कॉलेजची जीप बहुतेक आजारी असायची. मग एस.टी. मॅडम बर्फाचा डबा मांडीवर घेऊन बसायच्या. एकदा गाडी खच्चून भरलेली, आम्ही दोघी उभ्या. कंडक्टर म्हणाला, "बाई, डब्यात काय हाय? कुल्फी हाय का?" मॅडम म्हणाल्या, "लोकायचं रक्त हाय." पुढच्या थांब्यापर्यंत अख्खी एक सीट रिकामी झाली. मॅडम शांतपणे बसल्या आणि मला म्हणाल्या, "बस ना वं. खरं बोलल्याचा असा फायदा क्वचितच होते."

त्याच गाडीत त्यांनी मला घरचं सांगितलं, तेही एकदाच. त्या लहान असताना मूर्तिजापूरजवळच्या त्यांच्या गावात तापाची साथ आली होती. घरातली सगळीच आजारी पडली. वडील गेले. आई आणि सगळी भावंडं वाचली. वडिलांच्या बहिणींनी अंगणात उभं राहून आईला ऐकवलं, की ही पांढऱ्या पायाची, नवऱ्याला खाल्लं आणि स्वतः पोरांसकट तशीच राहिली. आईनं पोरं घेतली, अकोल्याला आली, जिनिंगमध्ये कापूस निवडायचं काम धरलं आणि पोरं शिकवली. पण ते वाक्य तिनं पदरात बांधून आणलं ते आणलंच. "मले फक्त एवढं पाहाचं हाय," मॅडम खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "का आमी वाचलो थे आमच्या मायच्या पायानं का मायच्या देन्यानं." एवढं म्हणून लगेच त्यांनी मला नमुन्यांच्या चिठ्ठ्या नीट चिकटवल्या नाहीत म्हणून झापायला सुरुवात केली.

वलगावात आमचं टेबल रुखमाबाईंच्या ओसरीवर लागायचं. रुखमाबाई म्हणजे पिकलेलं पान, पण जीभ तिखट. त्यांनाही तो ताप येऊन गेला होता आणि त्या वयात त्या चार दिवसांत उठून गोठ्यात गेल्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी मॅडमचं आडनाव विचारलं, ऐकून आत जाऊन आल्या, आणि चहा आला तो मॅडमपुरता वेगळ्या कपात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडमनी तो चहा बशीत ओतून पिऊन टाकला. काही महिन्यांनी तपासणीचे निकाल आले. मॅडमनी स्वतःचं आणि आईचंही रक्त तपासायला घातलं होतं, नमुन्यात धरायला नाही, नुसतं बघायला. त्या पुन्हा वलगावला गेल्या आणि रुखमाबाईंसमोर बसून म्हणाल्या, "मावशी, तुमी न् माही माय एकाच आजीच्या हा बरं. लय जुनी आजी, पन एकच. रक्तात निंघालं." रुखमाबाईंनी त्यांना एकदा खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग आत बघून ओरडल्या, "चहा नोको मांडू वं. भाकरी टाक, बाई जेवून जाईन."

निकालांत दुसरंही निघालं होतं. जी माणसं सहज बरी झाली, त्यांच्यात एक विशिष्ट फरक डोळ्यांत भरेल इतक्या जणांत होता. रुखमाबाईंमध्ये होता तोच. आणि मॅडमच्या आईमध्ये होता तोच. मॅडमनी ते आकडे उलटे-सुलटे करून पाहिले, मला करायला लावले, दुसऱ्या कॉलेजातल्या माणसाकडून करून घेतले. शोधनिबंध लिहिला, तो स्वीकारला गेला. त्या रविवारी त्या अकोल्याला गेल्या आणि पहिल्यांदाच, जन्मात पहिल्यांदाच, 'असू शकतं' न म्हणता आईला सांगून आल्या, की माय, आमी तुह्यामुळं वाचलो. सोमवारी आल्या त्या गाणं गुणगुणत. त्यांना गाताना मी आधी कधी ऐकलं नव्हतं, आणि आवाज इतका वाईट असेल याची कल्पनाही नव्हती.

निबंध छापून यायचा होता तेवढ्यात रुखमाबाई गेल्या. तेरवीला आम्ही दोघी वलगावला गेलो. मांडवात बसलो होतो, पानावर बुंदी आली होती, आणि बाहेरून बायांचा रडण्याचा आवाज आला. आमच्याकडे बाई माहेरच्या दारात पोचली की तिथून गळा काढते. "माय वं माय!" करत एक बाई आत आली. मॅडम म्हणाल्या, "ही आपल्या नमुन्यातली ना? मूर्तिजापूरकडची?" मी म्हटलं, हो. मागून दुसरी आली, "मावशी वं!" म्हणत. तीही नमुन्यातली, चांदूरकडची. मग तिसरी, तिच्यासोबत तिची मुलगी, "आजी वं आजी!" तीही आमचीच. वेगळी गावं, वेगळी आडनावं, आणि सगळ्या एकीच्या गळ्यात दुसरी पडून एकाच बाईसाठी रडत होत्या. मॅडमचा हात पानावरच थांबला.

रुखमाबाईंचा मुलगा प्रभाकरराव वाढत होता. गावोगाव आम्हाला ओळखी देणारा तोच. "तिथं आपले सोयरे हायेत, माहं नाव सांगा," असं म्हणून तो घरमालकाचं नाव द्यायचा आणि आम्ही त्या दारात जायचो. मॅडमनी त्याला बोलावलं. "प्रभाकरराव, या साऱ्या कोन?"

"मायच्या पोरी, मावशीच्या पोरी, न् त्यायच्या पोरी. काहून?"

"तुमी तं म्हटलं होतं, सोयरे हायेत."

"मंग सोयरेच हायेत ना मॅडम. पोरी देल्या म्हनून तं सोयरे झाले!"

तो वाढत पुढे गेला. मॅडम माझ्याकडे वळल्या. एकाच रक्ताची माणसं नमुन्यात नकोत, नाहीतर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मोजली जाते, हा त्यांचाच कडक नियम होता. म्हणून दर घरी आम्ही विचारायचो, "तुमची भाऊकी कुठे कुठे आहे?" आणि काका, चुलते, पुतणे, भाऊकीचं एकूण एक माणूस गाळायचो. रक्ताचं नातं म्हणजे भाऊकी, एवढंच आमच्या डोक्यात. "चुलत्यापुतन्यायचा मायटोकॉन्ड्रिया एक नसते," मॅडम हळूहळू म्हणाल्या, "थे आपन गाळले. ज्यायचा एक असते, त्या मायलेकी न् मावसबहिनी, थ्या साऱ्या येगयेगळ्या म्हनून मोजल्या. मी. जन्मभर पोरायले सांगतलं का आईकडून येते, आईकडून येते. न् इचारलं काय, तं भाऊकी!" आणि त्या हसायला लागल्या. तेरवीच्या मांडवात, तोंडाला पदर लावून, थांबता थांबेनात. बाया बघायला लागल्या. मग मला दिसलं की डोळे वाहताहेत. त्या रडण्यात तिथे कुणाला काही वावगं वाटलं नाही.

म्हणजे सहज बरी झालेली आमची निम्मी माणसं एका आजीची लेकरं होती. ती मायटोकॉन्ड्रियामुळे बरी झाली असतील. त्या घराण्यात दुसरंही काही चालत आलं असेल, त्यामुळे झाली असतील. किंवा त्या घरच्या बायका ताप अंगावर काढत नसतील, एवढंच असेल. आता कुणालाच सांगता येत नव्हतं. मॅडमनी निबंध मागे घ्यायचं ठरवलं. विभागप्रमुख देशमुख सर वाईट माणूस नव्हते, त्यांनी दार लावून समजावलं, "अहो मॅडम, वलगावच्या तेरवीला कोणता परीक्षक येणार होता? कोणाला कळणार आहे?" मॅडम म्हणाल्या, "मले कळलं ना." दुसऱ्या दिवशी निबंध मागे घेतल्याचं कळवून मोकळ्या झाल्या. ते त्यांना फार जड गेलं असं मला वाटत नाही. जड होतं ते अकोल्याला जाणं.

मलाही त्या दिवशी अकोल्याला जायचं होतं म्हणून मी सोबत होते. घरी गेलो तर मॅडमच्या आई यशोदाबाई, म्हणजे आमच्या आजी, दारातच पायरीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. जाता-येता बाया त्यांच्याशी बोलत होत्या, आणि आजींची मान कशी ताठ झाली होती ते मलाही कळत होतं. गल्लीत सगळ्यांना सांगून झालं होतं, की माही पोरगी एवढी शिकली, तिनं तपासलं, माह्या रक्तानं माहे लेकरं वाचले. मॅडम बूट न काढताच त्यांच्यापाशी बसल्या.

"माय, थे मीनं तुले सांगतलं होतं ना. तुह्यामुळं आमी वाचलो म्हून. थे पक्कं नाही निंघालं."

"म्हंजे खोटं हाय?"

"खोटंबी नाही म्हनता येत. माहीत नाही."

"मंग काहून सांगून राहिली?"

"पक्कं हाय म्हून मीनंच सांगतलं होतं ना. म्हनून."

आजींनी शेंगा सोलणं थांबवलं नाही. मी उठून जावं का, असं मला झालं. शेवटी त्या म्हणाल्या, "तुहा बाप गेला तवा तुह्या आत्या म्हनल्या, इचे पायच पांढरे. साऱ्या गावानं ऐकलं. त्यायले कोनी इचारलं होतं का वं, कशावरून म्हून?"

मॅडमनी एक शेंग उचलली आणि सोलायला घेतली.

"तू तुहा कागद मांगं घे," आजी म्हणाल्या. "मीनं गल्लीत सांगतलं थे मी मांगं घेत नाही. जाय, हातपाय धू."

मॅडम उठल्या आणि बूट काढायला लागल्या.

पुढे त्यांनी सगळं पहिल्यापासून केलं. नवी गावं, नवे नमुने, आणि दर घरी आई, आजी, पणजी, जिथपर्यंत आठवतं तिथपर्यंत माहेरं विचारायची. तिथून ती सवयच लागली आणि मग प्राचार्य काय, कंडक्टर काय, कुणी सुटलं नाही. या वेळी फरक दिसला, पण पुसटसा, खात्रीनं काही म्हणता येईल असा नाही. मॅडमनी तेच लिहून छापलं. त्याची कुणी फारशी दखल घेतली नाही. पण मॅडमना त्याचं वाईट वाटलेलं मला दिसलं नाही. "माहीत नाही हे नीट कष्ट करून सांगता आलं पाहिजे," असं म्हणायच्या. ऐकताना मला उगाच रडू यायचं, कारण त्या निकालात त्यांचं काय अडकलं होतं ते कॉलेजात फक्त मला माहीत होतं.

मॅडमना मी शेवटचं पाहिलं ते अकोल्यालाच. आजी गेल्या होत्या, त्यांच्या पुण्यानुमोदनाला मी गेले होते. वंदना झाली, भोजनं झाली, माणसं पांगली होती. मॅडम त्याच पायरीवर बसल्या होत्या, पांढरी साडी, पांढरे बूट, एकदम थकलेल्या. गल्लीतली एक म्हातारी आपल्या नव्या सुनेला घेऊन आली. सुनेला पुढे करून म्हणाली, "पाय, हे थ्या यशोदाबाईची पोरगी. तापाच्या साथीत सारं गाव झोपलं होतं, पन यशोदाबाईच्या रक्तात असं काही होतं का तिचं एकबी लेकरू गेलं नाही. तपासून पाहलं हाय थे, यंत्रानं."

मी मॅडमकडे पाहिलं. या एका वाक्यात दुरुस्त करण्यासारखं किती होतं ते मी मनातल्या मनात मोजलंसुद्धा. वर्गात असतं तर त्या म्हातारीची काही धडगत नव्हती. मॅडमनी तोंड उघडलं, सुनेकडे पाहिलं, मग आत भिंतीशी फुलं घालून ठेवलेल्या आजींच्या फोटोकडे पाहिलं.

"हो वं," त्या म्हणाल्या. "आमच्या मायनंच वाचवलं आमाले."